आमची सही

बकरी ईद होऊन आठवडा झाला होता. गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारी दुपारी आपा, दुल्हाभाई आणि आमची भाची असे तिघे घरी आले. आपाच्या हातात कबाबचा डबा होता आणि दुल्हाभाईंच्या काखेत प्लास्टिकची फाईल. जेवणे झाली, चहा झाला, आणि मग ती फाईल दस्तरखानावरच उघडली गेली.

भाची बी.एस्सी. झाली आहे. बी.एड.ची सीईटी तिने दिली होती, गुणही बरे होते. पण दुल्हाभाईंनी वेगळाच रस्ता काढला होता. बाजार समितीत त्यांची आडत आहे. शेजारच्या गाळ्यावर येणाऱ्या एका माणसाने त्यांना एक कागद लिहून दिला होता. वर कॉलेजचे नाव, खाली दोन वर्षांच्या फीचे आकडे, त्याखाली आणखी एक आकडा, पावतीशिवायचा. मग तीन ओळी: ‘हजेरी – चिंता नको. पाठ – संस्थेकडून. वह्या – तयार मिळतील.’ कागदाच्या पाठीमागे लिहिले होते की मुलीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आताच जमा करावा, म्हणजे जागा पक्की.

“नॉन-अटेंडिंग म्हणतात त्याला,” दुल्हाभाई म्हणाले. “फक्त परीक्षेला जायचं. पोरगी घरी राहील, घरकाम शिकेल, डिग्रीही होईल. तुम्ही दोघं शिक्षक आहात, एवढंच सांगा, हे कॉलेज चालेल ना?”

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच हायस्कूलमध्ये वीस वर्षांपासून शिकवतो. एक उर्दू, एक मराठी. तालुक्याचे गाव, अल्पसंख्याक संस्थेची शाळा. नात्यात कुणाचेही शिक्षणाचे काही असले की फाईल आमच्याकडे येते, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला थोडा मानही वाटतो. त्या दिवशी मात्र आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि गप्प बसलो. “दोन दिवसांनी सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. कारण कागदावरची ती तिसरी ओळ, तयार वह्यांची, आम्हाला चांगली ओळखीची होती. त्या वह्या तयार कशा होतात हे आम्हाला माहीत होते. त्यातल्या काही आम्हीच तयार केल्या होत्या.

हे आधी सविस्तर सांगायला हवे, कारण बी.एड. कसे चालते हे सगळ्यांना ठाऊक असतेच असे नाही. आमच्या वेळी हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला. एनसीटीई, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणारी केंद्राची परिषद, तिने 2014 मध्ये नवे नियम केले. त्यात दोन वर्षांत मिळून 20 आठवडे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष शाळेत राहून शिकायचे आहे. याला आंतरवासिता म्हणतात. कॉलेजातली हजेरी किमान 80 टक्के आणि शाळेतली किमान 90 टक्के हवी. कागदावर नियम उत्तम आहे. डॉक्टर जसा इस्पितळात राहून शिकतो तसा शिक्षक शाळेत राहून शिकावा.

पण शाळेत तो आला की नाही हे कॉलेजला, विद्यापीठाला, परिषदेला कसे कळणार? शाळेतल्या शिक्षकाच्या सहीवरून. छात्राध्यापक पाठ घेतो, शाळेतला शिक्षक मागच्या बाकावर बसून पाहतो, वहीत शेरा लिहितो आणि खाली सही करतो.

2019 मध्ये जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे आठ छात्राध्यापक आमच्या शाळेत आले. पहिल्या दिवशी आठही जण पत्र घेऊन आले, मुख्याध्यापकांना भेटले, गुलाबाची फुले दिली, फोटो काढला. तिसऱ्या दिवशी तिघे होते. दुसऱ्या आठवड्यात कुणीच नाही. आम्ही विचारले तेव्हा कॉलेजातून फोन आला की मुले गरीब आहेत, कामधंदा करून शिकतात, जरा सांभाळून घ्या. मुदत संपायच्या दिवशी त्यांच्यातला एक मुलगा मोठी पिशवी घेऊन आला. आठ जणांच्या वह्या आणि पेढ्यांचा एक बॉक्स. वह्यांत पाठ टाचणे सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती, सगळी एकाच हातची. शेऱ्याच्या जागा मोकळ्या.

आम्ही मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसलो आणि लिहिले. ‘फलकलेखन चांगले.’ ‘वर्गनियंत्रण उत्तम.’ ‘विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक.’ सगळ्या वह्यांत एकच शेरा नको म्हणून शब्द जरा फिरवले, हेही कबूल करतो. एकाला ‘आवाज किंचित वाढवावा’ असेही लिहिले, खरे वाटावे म्हणून. ज्याचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता त्याला. अर्ध्या तासात काम झाले. पेढे स्टाफमध्ये वाटले.

त्या दिवशी मनाला काही टोचले का? आम्ही बरेचदा आठवून पाहिले. नाही टोचले. उलट कुणाच्या तरी गरिबीला हातभार लावला असे वाटले. आपल्याकडे ‘एवढंसं काम’ नाकारणारा माणूस कडक समजला जातो, आणि कडक म्हणवून घेणे कुणालाच आवडत नाही.

टोचले ते साडेचार वर्षांनी. 2024 च्या मार्चमध्ये, रमजानचे पहिलेच दिवस होते. असरच्या सुमाराला दारावर एक तरुण आला. पिशवी घेऊन आलेला तोच मुलगा, आता दाढी-मिशी आलेला. पवित्र पोर्टलवरून त्याची शिक्षणसेवक म्हणून निवड झाली होती. पेढेच आणले होते, पण या वेळी स्वतःच्या नोकरीचे. आम्ही मुबारकबाद दिली. तो बराच वेळ बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, “सर, मॅडम, वर्गात पहिल्या दिवशी नेमकं काय करतात?”

आम्हाला आधी थट्टा वाटली. तो थट्टा करत नव्हता. शिक्षक पात्रता परीक्षा त्याने पास केली होती, अभियोग्यता चाचणीतही गुण होते. रात्र-रात्र जागून अभ्यास केला होता. पण चाळीस मुलांसमोर तो आयुष्यात एकदाही उभा राहिला नव्हता. बी.एड.ची दोन वर्षे तो वडिलांची केळ्यांची गाडी लावत होता, कारण वडील आजारी होते. कॉलेजने त्याला सांगितले होते, येऊ नकोस, आम्ही बघतो. त्याला ते उपकार वाटले होते. तेव्हा आम्हालाही तसेच वाटले होते.

त्याने सोबत जुनी वही आणली होती. पाठ टाचण कसे करायचे ते त्यातच बघून शिकावे असा त्याचा विचार. आम्ही पाने उलटली. आठवीचा वर्ग, तासिका तिसरी, शेरा उत्तम, खाली आमची सही आणि तारीख 10 सप्टेंबर 2019. तारीख पाहून घरातल्या घरात आमचे हात थांबले. तो मोहरमचा दिवस, आशुरा. शाळेला सुट्टी होती आणि आम्ही रोजे ठेवून घरी होतो. रोज्याच्या दिवशी, बंद शाळेत, न घेतलेला पाठ आम्ही मागच्या बाकावर बसून पाहिला होता, आणि तसे लेखी दिले होते.

ईदपर्यंत तो मुलगा जवळजवळ रोज येत राहिला. आम्ही दिवाणखान्यात धाकट्याचा फळा उभा केला. खडू कसा धरावा, फळ्याकडे पाठ करून किती वेळ बोलू नये, हजेरी घेताना नाव घेऊन चेहरा का पाहावा, मागच्या बाकावरचे मूल हात वर करत नसेल तर त्याला प्रश्न कसा टाकावा. 20 आठवड्यांचे काम वीस-पंचवीस संध्याकाळींत होत नाही. इफ्तारला तो आमच्यासोबत बसायचा. मुलगा मनापासून शिकणारा आहे, आज बरा शिकवतो म्हणे. पण त्याच्यासोबत त्या पिशवीत आणखी सात वह्या होत्या. ते सात जण कुठे, कोणत्या वर्गासमोर उभे आहेत, आम्हाला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणी आमच्या दारात आले नाही.

आता कुणी म्हणेल, दोन मास्तरांच्या सहीने काय होते, वरचेच सगळे पोखरलेले आहे. दुल्हाभाई हेच म्हणाले. वरचे काय आहे ते आम्हालाही दिसते. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-प्रशिक्षणावर एक आयोग नेमला होता, 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्या प्रकरणाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून झाली होती. आठ वर्षांनी, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सरकारने स्वतःच त्या आयोगाचा हवाला देऊन लिहिले की देशातल्या 10,000 हून अधिक स्वतंत्र शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था शिकवण्याचा गंभीर प्रयत्नही करत नाहीत, त्या किंमत घेऊन पदव्या विकत आहेत. हे कुणा टीकाकाराचे बोलणे नाही, सरकारी धोरणाच्या कागदावर छापलेले आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. तपासणाऱ्याला कोण तपासणार, असा प्रश्न पडावा अशी स्थिती.

आणि आपल्या समाजाला जवळून लागलेली गोष्ट सांगायची तर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची. 2023 मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने 1,572 संस्थांची तपासणी करवली, त्यातल्या 830 संस्थांमध्ये गैरप्रकार आढळले. बोगस संस्था, बोगस लाभार्थी. 144 कोटींहून अधिक रकमेचा घोळ, तपास सीबीआयकडे. तो पैसा आपल्याच मुलामुलींच्या नावावर उचलला गेला होता. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी सायबर कॅफेत रांग लावणाऱ्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणाऱ्या आयांना त्या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण हेही खरे की प्रत्येक अर्जावर कुठल्या तरी शाळेचा, कॉलेजचा शिक्का होता, आणि शिक्का मारणारा कुणी तरी आमच्यासारखाच पगारदार माणूस होता.

बी.एड.चेच पाहा. मान्यता देते एनसीटीई. संलग्नता देते विद्यापीठ. प्रवेश परीक्षा आणि प्रवेशाची यादी राज्याचा सीईटी कक्ष करतो. खासगी कॉलेजची फी ठरवते शुल्क नियामक प्राधिकरण. चार दारे आणि प्रत्येक दारावर पहारेकरी. आणि या चौघांपुढे जो पुरावा जातो तो मात्र आमच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता तयार होतो. पहारेकऱ्याला दोष देताना आम्हाला ते पेढे आठवतात.

गेल्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावी. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे, त्यामुळे आमचे अजून अधांतरी. स्टाफरूममध्ये केवढा गदारोळ झाला! वीस वर्षे शिकवल्यावर आता आमची परीक्षा? आम्हीही तावातावाने बोललो. घरी आल्यावर मात्र जोर ओसरला. आम्ही ज्यांना परीक्षेशिवाय ‘उत्तम’ दिले, त्यांच्या वर्गातल्या मुलांनी कुणाकडे गदारोळ करायचा?

आमच्या अम्मी मोहल्ल्यातली भिशी चालवायच्या. पंधरा-सोळा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम. अम्मी चौथी शिकलेल्या, पण भिशीची वही त्यांनी तीस वर्षे ठेवली. दर महिन्याला चिठ्ठी काढण्याआधी त्या वही मोठ्याने वाचायच्या. कुणी दिले, कुणाचे बाकी, कुणाला मिळाले. सगळ्यांसमोर. एकदा शेजारची एक खाला म्हणाली, “अहो, तुमच्यावर इमान आहे आमचं, वाचायची काय गरज?” अम्मी म्हणाल्या, “इमान आहे म्हणूनच वाचते.” उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हे आपण घराघरात ऐकत वाढलो आहोत. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासाठीच वही असते असे आपण समजतो. अम्मींना ते उलट समजले होते. त्यांची अमानत कुणी कधी बुडवली नाही, आणि त्यांनीही कुणाची नाही. कॉलेजची फी भरताना मात्र आपण लाखाच्या घरातली रक्कम देतो आणि पावती मागायलाही लाजतो.

तर दोन दिवसांनी आम्ही आपाच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. वह्या, पेढे, मोहरमची तारीख, सगळे. नात्यात असे बोलणे सोपे नसते. दुल्हाभाई खाली पाहत राहिले. आपा म्हणाली, “म्हणजे तुम्हीच...” आणि पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही. भाची इतका वेळ दारात उभी होती. तिने विचारले, “मामू, मामी, मग माझ्या वहीवर सही कोण करणार आहे?”

दुल्हाभाईंची अडचण खोटी नव्हती. रोज पाऊण-एक तासाचा एसटीचा प्रवास, मुलीची काळजी, घरात पाहुणे बघायला येण्याचे दिवस, आणि पैसा. त्यातल्या पैशाचा हिशेब आम्ही आधी मांडला. दुल्हाभाई बागवान, ओबीसीचा दाखला आहे, उत्पन्न 8 लाखांच्या खूप खाली. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने अशा घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, पण प्रवेश सरकारी यादीतून, म्हणजे कॅप फेरीतून झाला तरच. आडतीशेजारच्या त्या माणसाच्या मार्गाने गेलो तर माफी नाही, आणि वर तो पावतीशिवायचा आकडा. एसटीत बायकांना 2023 पासून तिकीट निम्मे. दुल्हाभाई आडतदार आहेत, आकडे त्यांना एकदा सांगितले की पुरतात. मूळ कागद मात्र आम्ही त्यांना कुणाकडेही ठेवू दिले नाहीत. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत असे यूजीसीने 2018 मध्येच बजावलेले आहे, आणि तरी आपल्याकडची कितीतरी मुले त्या एका दाखल्यापायी नको त्या कॉलेजात दोन-दोन वर्षे अडकून पडलेली आम्ही पाहिली आहेत.

राहिला प्रश्न कॉलेज कोणते. त्यासाठी आम्ही एक साधी गोष्ट केली, जी खरे तर प्रत्येक पालकाला करता येते. जुलैच्या एका बुधवारी शाळेतून रजा घेतली आणि भाचीला घेऊन सकाळी अकरा वाजता कॉलेजे पाहायला गेलो. प्रवेशाची चौकशी म्हणून नाही, नुसते वर्ग चालू आहेत का ते पाहायला.

पहिले त्या कागदावरचे. इमारत तीन मजली, रंग ताजा. आत पोचलो तर एक कारकून पेपर वाचत होता. दुसऱ्या वर्षाचा वर्ग कुठे भरतो विचारले, तर म्हणाला, “आज प्रॅक्टिकल आहे, मुलं शाळेत गेलीत.” पहिले वर्ष? “त्यांना सुट्टी.” वर्गात बाकांवर धूळ होती, आणि ती एका दिवसाची नव्हती. ग्रंथालयाला कुलूप. सूचना फलकावरची शेवटची सूचना दोन वर्षांपूर्वीची. 2023 च्या यूजीसी नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती असावी लागते, त्यात विद्यार्थ्याचा प्रतिनिधी असतो, आणि वर विद्यापीठात लोकपाल. आम्ही समितीतल्यांची नावे विचारली. कारकुनाने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही त्याचीच तक्रार घेऊन आलो आहोत. मग चहा मागवतो म्हणाला. आम्ही चहा घेतला नाही. चहा न घेता निघायलाही आम्हाला जरा धीर एकवटावा लागला, ही आमची सवय.

दुसरे कॉलेज जुने, अनुदानित, पत्र्याच्या व्हरांड्याचे. पाऊस लागलेला, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग. त्या छत्र्या पाहूनच आम्हाला बरे वाटले. आत सूक्ष्म अध्यापन चालू होते. एकाने पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे, घंटी वाजली की थांबायचे. आम्ही दाराशी उभे राहिलो. एक उंच मुलगा अपूर्णांक शिकवत होता आणि फळ्याशीच बोलत होता. प्राध्यापिकाबाईंनी घंटी आधीच वाजवली. “फळ्याला अपूर्णांक येतात. मुलांना सांगा,” म्हणाल्या. वर्ग हसला, तो मुलगाही हसला, कान लाल झाले त्याचे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावले. दुसऱ्यांदाही तो फळ्याकडे वळला. तिसऱ्यांदा नाही.

भाची घरी येईपर्यंत काही बोलली नाही. रात्री तिने कॅप फेरीच्या अर्जात त्या कॉलेजला पहिली पसंती दिली. तिथेच नंबर लागला, अल्हम्दुलिल्लाह.

आमच्या शाळेत मात्र गोष्ट वेगळी झाली. दिवाळीनंतर पुन्हा एका कॉलेजचे छात्राध्यापक आले, या वेळी पाच. पहिल्या दिवशी पुन्हा फुले, पुन्हा फोटो. आम्ही मुख्याध्यापकांना विचारून एक शंभर पानी वही आणली, तीत रोजची हजेरी, घेतलेला पाठ आणि वेळ लिहू लागलो. दोन मुली नियमित येत. एक तर वर्ग संपल्यावरही मुलांच्या घोळक्यात असे. तिघे येईनासे झाले. मुदत संपली, पिशवी आली, पेढेही आले. दोन वह्यांवर आम्ही सविस्तर शेरे लिहिले, चुकाही लिहिल्या. उरलेल्या तीन वह्यांत जेवढे पाठ पाहिले तेवढ्यांवरच सही केली आणि शेवटच्या पानावर लिहिले, ‘प्रत्यक्ष उपस्थित दिवस: 6’, दुसऱ्यात 9, तिसऱ्यात 4.

संध्याकाळी फोन आला. आवाज गोड होता. सर, पोरांचं वर्ष जाईल. मॅडम, तुम्हीही कधी विद्यार्थी होता. तुमची शाळा आमच्या नेहमीची, संबंध आहेत आपले. आम्ही म्हणालो की त्या तिघांना पाठवा, उरलेले दिवस त्यांनी आमच्याकडे भरावेत, हवे तर सकाळच्या सत्रात, त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून. पलीकडून ‘बघतो’ असे उत्तर आले.

त्या तिघांतला एक खरेच आला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, सकाळी सातला येऊन दहाला दुकानात जायचा. बाकी दोघांच्या वह्या कॉलेजने परत नेल्या. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत त्यांच्यावर सह्या झाल्याचे आम्हाला नंतर कळले. पुढच्या वर्षी आमच्या शाळेला छात्राध्यापक मिळणार नाहीत असेही कळले. मुख्याध्यापक म्हणाले, “बरं झालं, त्यांच्या चहाचा खर्च वाचला,” पण ते नाराज आहेत हे आम्हाला समजते. स्टाफमध्येही दोघे-तिघे आमच्याशी जरा जपून बोलतात. त्या नियमित येणाऱ्या दोन मुलींसाठी वाईट वाटते. त्यांच्यासारख्या पुढच्या मुलींना आमचे वर्ग मिळणार नाहीत.

परवा शनिवारी भाची घरी आली. सकाळी 6.40 च्या एसटीने जाते, संध्याकाळी पाचला परत येते, वाळली आहे जरा. दप्तरातून पाठ निरीक्षणाची वही काढून आमच्यापुढे आपटली. सातवीवर घेतलेला विज्ञानाचा पाठ. खाली लाल शाईत शेरा होता: ‘आशयाची तयारी आहे. फलकलेखन उजवीकडे चढत जाते. मागच्या दोन रांगांकडे एकदाही पाहिले नाही. पुन्हा घ्यावा.’ त्याखाली सही आणि तारीख. तारीख आम्ही कॅलेंडरवर बघून घेतली. गुरुवार होता.

“किती कडक आहेत त्या बाई,” ती म्हणाली. “एवढी मेहनत केली होती मामी, चार्टसुद्धा केला होता.”

मग फळा पुसून तिने धाकट्याला आणि त्याच्या दोन मित्रांना मागच्या बाकावर, म्हणजे सोफ्यावर, बसवले आणि पाठ पुन्हा सुरू केला. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो. ओळ अजून थोडी वरच जात होती.